सगळी ट्रंक नको, आधी एक पटाशी काढा

वाचकाचं पत्र:

मास्तर, नमस्कार. नाव छापू नका. आमचं मूळ घर सुतारवाड्यातलं, वडील सुतार. 2019 च्या पुरात आम्हाला चित्रदुर्ग मठात हलवलं तेव्हा वडिलांच्या हत्यारांची ट्रंक घरातच राहिली. जड होती, उचलायला वेळ नव्हता. पाणी ओसरल्यावर वडिलांनी जमेल तसं पुसून ठेवलं. 2021 ला पुन्हा तेच झालं आणि त्यानंतर त्यांनी ट्रंक उघडलीच नाही. पुढं ते गेले. आता आम्ही फुलेवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, ट्रंक माळ्यावर आहे. दर खंडेनवमीला खाली काढतो, हळदकुंकू वाहतो, परत वर ठेवतो. दोन लाकडी रंधे, एक लोखंडी रंधा (त्यावर रेकॉर्ड, 05, मेड इन इंग्लंड असं आहे), सहा पटाश्या, वाकस, दोन करवती, गुण्या, कानशींचा जुडगा, छोटा व्हाईस, आणि ट्रंकेबाहेर एक बेंच ग्राइंडर. सगळं गंजलंय. मी शिरोलीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे, सुतारकाम येत नाही. मंडळी म्हणते भंगारात घाला, माळा मोकळा होईल. आठ वर्षांचा मुलगा म्हणतो, पप्पा आपण नीट करूया. व्हिडिओ बघून सगळं चकाचक करावंसं वाटतं, पण एवढी मेहनत करून उपयोग काय? काय करू?

मास्तरांचं उत्तर:

नाव छापत नाही. पण सुतारवाडा म्हटल्यावर निम्म्या कोल्हापूरला तुमची गोष्ट ठाऊक आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका, आणि या दोन आकड्यांच्या मध्येच कुठंतरी तुमच्या गल्लीत बोचकी बांधायला सुरुवात होते. त्या धांदलीत माणसं, कागदपत्रं आणि गॅसची टाकी आधी निघते. ट्रंक राहिली याचं मनाला लावून घेऊ नका. तुमच्या पत्रात ते कुठं लिहिलेलं नाही, पण ‘सगळं’ हा शब्द तुम्ही ज्या तऱ्हेनं वापरलाय त्यावरून मला तसं वाटलं.

आता कामाचं. गंज थांबवणं हे एक काम आणि हत्यार पुन्हा चालतं करणं हे दुसरं. पहिलं काम ट्रंकेतल्या जवळजवळ सगळ्या हत्यारांना करायचं. एका रविवारात उरकतं आणि खर्च काहीशे रुपयांच्या वर जात नाही. दुसरं काम एकेका हत्यारामागं अर्धा-अर्धा दिवस खातं, म्हणून ते त्याच हत्याराला करायचं जे पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत तुमच्या हातात येणार आहे. व्हिडिओत ही दोन्ही कामं एकत्र दाखवतात आणि वर तिसरं, आरशासारखं चमकवणं, जोडून देतात. त्या तिसऱ्याचा हत्याराला काडीचा उपयोग नाही. उलट बफवर धरून कडा गोल होतात, गुण्याचा काटकोन जातो, आणि कारागिरानं पोलादावर ठोकलेला स्वतःच्या खुणेचा ठसा घासून निघतो. तुमच्या वडिलांनी अशी खूण केलेली असणार. आधी ती शोधा. पटाशीच्या मानेजवळ, रंध्याच्या लाकडावर मागच्या बाजूला किंवा वाकसाच्या पाठीवर असते. सापडली की तिथं पॉलिशपेपर लावायचा नाही.

आधी निवड करू. मेहनत कुठं घालायची हे गंजाच्या रंगावर ठरत नाही. गंज वरून कितीही भयानक दिसू दे, प्रश्न एवढाच असतो की जिथं धार येते तिथलं पोलाद शिल्लक आहे का, आणि जे सरळ असायला हवं ते सरळ आहे का. बाकी सगळं भरून निघतं.

पटाशीपासून सुरुवात करा. सहातली सगळ्यात रुंद घ्या. जाड काचेच्या तुकड्यावर पॉलिशपेपर चिकटवा, थोडं पाणी टाका आणि पटाशीची सपाट पाठ त्यावर घासा. तिरकी बाजू नव्हे, पाठ. दोन-चार मिनिटांत लखलखीत पट्टा दिसायला लागेल आणि त्यात काळे ठिपके राहतील. ते ठिपके म्हणजे गंजानं खाल्लेले खड्डे. धारेपासून लांब असतील तर दुर्लक्ष करा, आयुष्यभर राहिले तरी काही बिघडत नाही. पण अगदी धारेवर असतील तर कितीही धार लावा, प्रत्येक ठिपक्यापाशी धारेला दातरा पडणार आणि लाकडावर रेघा उठणार. मग पुढचं तेवढं पोलाद घासून मागं यावं लागतं. पटाशी लांब असेल तर परवडतं. वडिलांनी आयुष्यभर घासून ती आधीच बोटभर केली असेल, तर तिला तशीच ठेवा. जी पटाशी झिजून बोटभर झाली तीच त्यांची सगळ्यात लाडकी होती, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी परीक्षा कडकपणाची. नवी बारीक कानस घ्या आणि धारेपासून थोडं मागं, कडेला हलकेच फिरवा. कानस घसरली तर पोलादात पाणी, म्हणजे तापवून-बुडवून आणलेला कडकपणा, शिल्लक आहे. मऊ लोखंडात बसते तशी रुतली तर पाणी उतरलंय. पुरानं पाणी उतरत नाही, ते उतरतं ग्राइंडरवर. कोरड्या दगडावर जोरात दाबून धरलं की पात्याचं टोक आधी फिकट पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळट, मग निळं. निळं म्हणजे साधारण 300 अंश. तिथं पोचलेली धार पहिल्या गाठीला मुडपते. म्हणूनच पाठ घासायचं आणि धार लावायचं काम ग्राइंडरवर करू नका. हातानं, काचेवर, पाणी लावून. वेळ लागेल. मुलाला शेजारी बसवा, पेपर बदलायचं काम त्याचं.

लोखंडी रंध्याबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं, कारण त्याचं अंग बिडाचं आहे आणि तुम्ही रोज बिडाच्या कास्टिंगमधल्या चिरा शोधता. 05 म्हणजे 14 इंची जॅक रंधा, पातं 2 इंची. शेफील्डचा माल, चांगला असतो. पण तो एकदा जरी फरशीवर पडला असेल, तर पातं जिथून बाहेर येतं त्या फटीपाशी किंवा दोन्ही बाजूंच्या उभ्या कडांना चीर गेलेली असते, आणि गंजाखाली ती दिसत नाही. गंज काढल्यावर तिथं पातळ तेल लावा, पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड भुरभुरा. चिरेत मुरलेलं तेल खडूवर रेघ काढून दाखवतं. कारखान्यात तुम्ही याच कल्पनेचं महागडं भावंड वापरत असणार. चीर निघाली तर तिथंच थांबा. बीड जोडता येतं, पण आधी तापवून, निकेलच्या रॉडनं, आणि नंतर सावकाश थंड करून. एवढं करूनही तळ वाकडा होऊ शकतो. त्यापेक्षा शोभेला ठेवा.

चीर नसेल तर मात्र हा रंधा मेहनतीचं सोनं करणारा आहे, कारण यातला प्रत्येक भाग सुटा होतो. एक सावधगिरी सांगतो. याच्या मुठींचे आणि पात्याचे स्क्रू जुन्या इंग्रजी आट्यांचे आहेत. लक्ष्मीपुरीतलं कुठलंही हार्डवेअरचं दुकान पालथं घातलं तरी तसा नट मिळायचा नाही. त्यामुळं अडकलेला स्क्रू जोर लावून फिरवायचा नाही. डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल घालून दोन दिवस भिजत ठेवा, मधूनमधून लाकडी हातोडीनं टिचक्या मारा, आणि पेचकस अगदी खाचेच्या मापाचा घ्या. खाच एकदा घसरली की तो रंधा तुमच्याच्यानं उघडत नाही, मग उद्यमनगरात एखाद्या जुन्या टर्नरच्या हातापाया पडा.

लाकडी रंध्यांचं गणित वेगळं आहे. त्यांचं मोल पात्यात असतं. त्या पात्यांत पुष्कळदा मऊ लोखंडावर पोलादाची पातळ पट्टी तापवून जोडलेली असते. तिरकी बाजू घासलीत की दोन रंगांतली सीमारेषा स्वच्छ दिसते. चकाकणारं पोलाद अजून इंचभर असेल तर पातं जपा. लाकडाचं अंग मात्र दोनदा पुरात फुगून वाळलंय. ते फाटलं असेल किंवा तोंड वेडंवाकडं झालं असेल तर डागडुजीत जीव घालू नका. नवं अंग करणं सोपं पडतं आणि सुतारही तेच करत आले आहेत. तुमच्या वडिलांनी या रंध्यांचं अंग स्वतःच केलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

गुण्या तपासायला कुठलंही उपकरण लागत नाही. सरळ कडेच्या फळीला लावून पेन्सिलीनं रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ. दोन्ही एकावर एक बसल्या तर खरा, फाकल्या तर खोटा. खोटा गुण्या खुंटीला टांगा, कामाला घेऊ नका. करवतींना डोळ्यासमोर धरून पात्यावरून नजर टाका. लांबट बाक असला तर निघतो, पण एका जागी मुडपलेली करवत लाकडात अडकतच राहणार. पातं सरळ असेल तर जुनी करवत नव्या स्वस्त करवतीपेक्षा भारी. नव्या बऱ्याच करवतींचे दात इतके कडक केलेले असतात की त्यांवर कानस चालत नाही. बोथट झाली की टाकून द्यायची. जुनीला तिकोनी कानशीनं दात काढून पुन्हा पुन्हा धार देता येते. फक्त ते शिकायला वेळ लागतो, आणि शिकवणारी माणसं आता कमी उरलीत.

कानशींचा जुडगा भंगारात. गंजानं दात खाल्लेली कानस पुन्हा कानस होत नाही. मंडळींना तेवढंच समाधान.

आता गंजाचं. हे काम बाल्कनीत किंवा मोरीत होतं. प्लॅस्टिकचं घमेलं घ्या, किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर ओता आणि मुठी काढलेल्या पटाश्या, पाती, करवतींची पाती त्यात बुडवून रात्रभर ठेवा. व्हिनेगर नको असेल तर गरम पाण्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, विरघळवून तेही चालतं आणि स्वस्त पडतं. लाकूड त्यात जाऊ देऊ नका. पितळेचा भाग असेल तर तो वेगळा साफ करा, नाहीतर पोलादावर तांबूस थर चढतो. सकाळी बाहेर काढून घासणीनं चोळा. काळा लगदा निघून जातो आणि खाली करडं पोलाद दिसतं. लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, म्हणजे आम्ल मरतं. मग साधं पाणी, मग फडक्यानं कोरडं, मग उन्हात. आणि यात चहाला जायचं नाही. उघडं पडलेलं पोलाद ओलं राहिलं तर अर्ध्या तासात पुन्हा तांबूस होतं. सुकलं की शिलाईमशीनचं तेल चोळा. म्हणूनच हे काम जून ते सप्टेंबरमध्ये करू नका. दिवाळीनंतर कोल्हापूरची हवा कोरडी झाली की करा.

बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून गंज काढायची पद्धतही तुम्ही पाहिली असेल. ती चालते, आणि खोल गंजाला फार छान चालते. पण त्यात हायड्रोजन वायू निघतो. शिवाय घरात हाताशी असतो म्हणून दुसऱ्या टोकाला स्टीलचा चमचा किंवा ताटली लावली, तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. दोन खोल्यांचं घर आणि आठ वर्षांचं पोर, तेव्हा हा उद्योग नको. मुलावरून आणखी एक. व्हाईसवरचा जुना रंग कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं आणि त्याची धूळ मुलांना सगळ्यात वाईट. व्हाईसचा रंग आहे तसाच राहू द्या. आट्यांत बसलेला पुराचा गाळ तेवढा ब्रशनं, डिझेल लावून काढा. हा गाळ ओल धरून ठेवतो, म्हणून वर कोरडा दिसणारा व्हाईस आतून गंजत राहतो.

मुठींना घासून नवं करायचं नाही. वडिलांच्या अंगठ्यानं जी खळगी पडलीय ती राहू द्या, पकडायलाही तीच बरी असते. ओलसर फडक्यानं मळ काढा, वाळू द्या, जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

उपयोग काय, हा तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. पैशाच्या हिशोबानं नाही पटणार. नवी पटाशी काहीशे रुपयांत मिळते. तुमच्या रविवारची किंमत त्याहून जास्त आहे. विकायचं म्हणाल तर इंग्लंडचा शिक्का बघून डोळे मोठे करू नका, भंगारवाला किलोवरच घेणार. हौशी गिऱ्हाईक मिळालं तर लोखंडी रंध्याचे बरे पैसे येतील, बाकीच्याचे नाहीत. एखाद्या होतकरू सुताराला द्यावीत म्हणाल, तर तोही आज प्लायवूड आणि लॅमिनेटवर काम करतो. प्लायवूडमधला गोंद रंध्याची धार तासाभरात खातो, त्यामुळं तो मशिनचं कटर वापरतो आणि ते बरोबरच आहे. हातरंधा त्याला वर्षातून दोनदा लागेल, दार पावसात फुगल्यावर.

पण तुमच्याही घरचं दार पावसात फुगतच असेल की. मी तुमच्या जागी असतो तर सुतार व्हायचं मनातही आणलं नसतं. एक रुंद पटाशी, लोखंडी रंधा आणि व्हाईस, एवढंच चालतं केलं असतं. पटाशी आधी, कारण ती एका सुट्टीत होते आणि तिच्यावर तुम्हाला समजेल की हे काम तुम्हाला आवडतंय की नुसता व्हिडिओ आवडत होता. नाही आवडलं तर तिथंच थांबायला हरकत नाही. बाकीचा गंज थांबवलेला आहे, हत्यारं कुठं पळून जात नाहीत. आवडलं तर रंधा घ्या. व्हाईस तर कुणालाही लागतो, पोराची सायकल दुरुस्त करायलासुद्धा.

मंडळींचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि ते मान्य करा. ती पत्र्याची ट्रंक जाऊ दे. दोनदा पुरात राहिलेल्या ट्रंकेचा तळ गंजून पोखरलेला असतो आणि तो गंज हत्यारांनाही लागतो. कानशी, फाटलेलं रंध्याचं अंग आणि ट्रंक गेली की उरलेलं सगळं एका छोट्या लाकडी खोक्यात मावतं. प्रत्येक हत्यार शिलाईमशीनच्या तेलाच्या फडक्यात गुंडाळा, जवसाच्या नव्हे. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते.

खंडेनवमीची पूजा सोडू नका, पण ओलं कुंकू आणि फुलं पोलादावर रात्रभर राहिली तर बरोबर त्याच जागी गंजाचे डाग पडतात. तुमच्या हत्यारांवर एका रांगेत गोल डाग दिसत असतील तर ते पुराचे नाहीत, तुमचे आहेत. दसऱ्याला सीमोल्लंघनाला दसरा चौकात जायच्या आधी पाच मिनिटं काढा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि तेलाचा हात फिरवा.

बेंच ग्राइंडरचं शेवटी ठेवलं, कारण त्यात चर्चेला जागा नाही. पुरात बुडालेली मोटर चालू होते का म्हणून प्लग लावून बघायची नाही. आजच तिची वायर कापून ठेवा, म्हणजे मुलगाही लावून बघणार नाही. दगड दोन्ही फेकून द्या. पाण्यात भिजून पडलेला दगड वेगात फुटला तर तोंडावर येतो. मोटर उद्यमनगरात रिवाइंडिंगवाल्याकडं न्या आणि भाव विचारा. नव्या ग्राइंडरच्या निम्म्याच्या वर सांगितला तर त्यालाच भंगारात देऊन या, तांब्याचे वेगळे पैसे मागून.